इशाऱ्यांची प्रतवारी

इ. स. २००५ च्या डिसेंबर महिन्याची ८ तारीख. टोकियोच्या शेअरबाजारांत जे-कॉम नांवाच्या एका लहानशा कंपनीचे शेअर त्या दिवशीं प्रथमच विक्रीस आले होते. मिझुहो सिक्युरिटीज या पेढीच्या एका गिऱ्हाइकाला आपल्याजवळचा १ शेअर ६,१०,००० येन किंमतीस विकावयाचा होता. पेढींतील माणसाच्या हातून आंकडे उलटे पडले, आणि १ येन किंमतीस ६,१०,००० शेअर विकण्याचा हुकूम बाजाराकडे रवाना झाला. त्या कंपनीचे एकंदर शेअरच मुळीं १४,५०० होते. म्हणजे जगांत असलेल्या मालाच्या सुमारें बेचाळीसपट माल विकावयास काढला गेला. चूक ध्यानांत येतांच हुकूम रद्द करण्याची धडपड झाली. परंतु बाजाराच्या स्वतःच्या यंत्रणेंतील एका दोषामुळें ती फुकट गेली. पेढीला सुमारें ४० अब्ज येनांची खोट बसली.

या प्रकरणांत यंत्र मुकें राहिलें असतें, तर तपासणीच केली नव्हती एवढाच ठपका ठेवतां आला असता. पण यंत्र मुकें नव्हतें. हुकूम नेहमींच्या मर्यादेबाहेरचा आहे, अशा अर्थाचा इशारा पडद्यावर उमटला होता. मात्र तो इशारा होता, मनाई नव्हती. तो बाजूस सारून पुढें जातां येत होतें, आणि तसेंच झालें. यंत्रानें पाहिलें, यंत्रानें सांगितलें. पण तें किती जोरानें सांगावें हें ज्यांनीं आधीं ठरविलें होतें त्यांची गफलत झाली होती. जी गोष्ट घडूंच द्यावयाची नाहीं, ती 'वाटल्यास करा' या पायरीवर बसविली गेली होती. यंत्राच्या सूचनांच्या या पायऱ्या कशा लावतात, आणि त्या चुकल्या म्हणजे काय होतें, हें समजून घेणें आज केवळ तज्ज्ञांचें काम राहिलेलें नाहीं; कारण शेअरबाजाराशीं कांहींच संबंध नसलेल्या माणसाच्या औषधपाण्याच्या नोंदीही आतां अशाच तपासणींतून जात असतात.

निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या काळीं आणि निरनिराळ्या लोकांनीं तयार केलेल्या संगणकप्रणालींना एकमेकींशीं बोलतें करणें हें सॉफ्टवेअरच्या धंद्यांतील एक मोठें आणि कष्टाचें काम आहे. रुग्णालयाची प्रणाली एक, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेची दुसरी, औषधाच्या दुकानाची तिसरी, विमाकंपनीची चौथी. एकीकडून निघालेली नोंद दुसरीकडे स्वीकारली जाण्यापूर्वीं ती एका तपासनिसाच्या हातांखालून जाते. हा तपासनीस माणूस नव्हे. तोही एक प्रोग्रामच. नोंद ठरलेल्या नियमांस धरून आहे कीं नाहीं हें तो पाहतो, आणि जें आढळेल त्याबद्दल एकेक संदेश लिहून ठेवतो. प्रत्येक संदेशाच्या कपाळीं त्याची पायरी लिहिलेली असते.

टपालाच्या उदाहरणानें हें सहज उमगेल. पाकिटाच्या पाठीवर पाठविणाराचें नांव नसलें, तरी पत्र आपल्या मुक्कामास जावयाचें थांबत नाहीं. फार तर टपालवाला तेवढी गोष्ट मनाशीं टिपून ठेवील. १९७२ सालीं पिनकोड सुरू झाला. तो लिहिला नसला तर पत्र जातें, पण फिरत फिरत, कदाचित् उशिरानें. पत्त्याची जागाच कोरी असली, तर पत्र पोंचविणें शक्य नाहीं. तें परत करावें लागतें. आणि पाकीट पावसांत भिजून सारी शाई वाहून गेली असली, तर त्यावर काय होतें आणि काय नव्हतें हेंही सांगतां येत नाहीं. तपासणी तेथेंच थांबते. चार अवस्था, चार पायऱ्या.

आरोग्यविषयक नोंदींच्या देवघेवीसाठीं आज 'फायर' नांवाचा जो नियमसंच अनेक देशांत वापरला जातो, त्यांत याच चार पायऱ्या सांगितल्या आहेत. १९८७ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेली एच्. एल्. सेव्हन ही संस्था हा नियमसंच प्रसिद्ध करते. त्याची मूळ कल्पना ऑस्ट्रेलियांतील ग्रॅहॅम ग्रीव्ह यांनीं २०११ सालीं मांडली. भारतांत २७ सप्टेंबर २०२१ रोजीं देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननें नोंदींच्या देवघेवीसाठीं हाच नियमसंच पत्करला, आणि त्याचें भारतीय मार्गदर्शन पुण्याच्या सी-डॅक संस्थेंतील राष्ट्रीय साधनकेंद्रानें तयार केलें. तेव्हां हा विषय वाटतो तितका दूरचा नाहीं.

पहिली पायरी 'माहिती'. काम यशस्वी झालें कीं नाहीं याच्याशीं तिचा संबंध नसतो. ती केवळ कळविण्यापुरती. दुसरी 'इशारा'. काम अडत नाहीं, परंतु तें हवें तसें होणार नाहीं, असा त्याचा अर्थ. तिसरी 'चूक'. काम अडविण्याइतकी ती महत्त्वाची असते. नोंद परत जाते. चौथी 'घातक'. काम तर बंद पडलेंच, शिवाय पुढची तपासणी करणेंही अशक्य झालें. २०२३ सालीं निघालेल्या पांचव्या आवृत्तींत 'यशस्वी' अशी आणखी एक पायरी घालण्यांत आली. पण ती सुखवार्ता असल्यामुळें तिचा विचार येथें नको.

या व्याख्या नीट ऐकल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते, आणि पुष्कळ अनुभवी माणसांचीही नेमकी तीच नजरेआड होते. या पायऱ्या संदेशाच्या प्रवासाला किती अडथळा झाला तें सांगतात. रोग्याला किती अपाय होईल तें त्या सांगत नाहींत. 'घातक' या शब्दानें छाती धडधडते. पण एखादा कंस मिटावयाचा राहिला कीं तेवढ्यानेंही तपासनीस हा शेरा मारतो. नोंद परत येते, कंस मिटविला जातो, नोंद पुन्हां जाते. रोग्याच्या केसालाही धक्का लागत नाहीं. उलट 'इशारा' हा शब्द सौम्य वाटतो. पण ज्या नोंदीवर तो शेरा पडला ती नोंद पुढें जाते, स्वीकारली जाते आणि वापरलीही जाते. चुकीला दाराशींच अडविलें जातें. इशारा घरांत शिरतो.

दोन उदाहरणें घ्यावीं. रुग्णालयाच्या जुन्या प्रणालींत पुरुष रोग्यासाठीं 'एम्' हें एकच अक्षर लिहिण्याचा प्रघात होता. फायरला तें चालत नाहीं. तेथें 'मेल' हा पुरा शब्द, आणि तोही लहान लिपींतील अक्षरांनींच लिहिला पाहिजे. तपासनीस ताबडतोब 'चूक' म्हणतो. वास्तविक रोगी पुरुष आहे याबद्दल कोणाच्याच मनांत संशय नसतो. आतां दुसरी नोंद पाहावी. रोग्याला पेनिसिलिन सोसत नाहीं, असें डॉक्टरांनीं लिहिलें आहे. पण तें लिहितांना रुग्णालयानें स्वतःच्या जुन्या यादींतील सांकेतिक क्रमांक वापरला. ती यादी तपासनिसापाशीं नाहीं. तो म्हणतो, 'ही यादी ठाऊक नाहीं, म्हणून क्रमांकाची शहानिशा करतां येत नाहीं'. आणि या संदेशाच्या कपाळीं लिहितो 'इशारा'. नोंद पुढें जाते. पलीकडच्या प्रणालीला त्या क्रमांकाचा अर्थ कळत नाहीं. आणि डॉक्टर पेनिसिलिन लिहूं लागतील तेव्हां जी घंटा वाजावयास हवी ती वाजत नाहीं. पहिल्या प्रकरणांत शेरा कडक आणि धोका शून्य. दुसऱ्यांत शेरा मऊ आणि प्रश्न जिवाचा.

मग तपासनिसानें दुसऱ्या नोंदीलाही 'चूक' कां म्हणूं नये? याचें उत्तर नियम करणाराच्या अडचणींत आहे. जगांतील सर्व औषधें, सर्व रोग आणि सर्व भाषांतील नांवें एका ठिकाणीं बसून कोणालाही गोळा करतां येत नाहींत. म्हणून फायरमध्यें प्रत्येक सांकेतिक यादीला बंधनाची एक मात्रा दिलेली असते. कांहीं याद्या सक्तीच्या असतात. त्यांच्या बाहेरचा शब्द आला कीं ती चूक. कांहीं वाढवितां येण्याजोग्या असतात. त्यांत योग्य शब्द मिळत असेल तर तोच वापरावा, न मिळाला तर बाहेरचा चालेल. येथें बाहेरचा शब्द दिसला तर तपासनीस इशारा देतो. कारण यादींत खरोखरच योग्य शब्द नव्हता, कीं लिहिणारानें तो शोधलाच नाहीं, हें त्याला कळण्यास मार्ग नसतो. कांहीं याद्या केवळ शिफारशीच्या असतात, आणि कांहीं नमुन्यादाखल दिलेल्या. स्त्रीपुरुषभेदाची यादी सक्तीची. सोसत नसलेल्या पदार्थांची यादी निव्वळ नमुन्याची.

याचा अर्थ स्पष्ट आहे. 'चूक' हा नियमानें दिलेला निकाल आहे. 'इशारा' हा नियमानें माणसाला विचारलेला प्रश्न आहे. नियम करणाराचें ज्ञान जेथें संपतें तेथें इशारा सुरू होतो, आणि तेथून पुढें त्या रुग्णालयाच्या, त्या प्रयोगशाळेच्या जाणत्या माणसानें विचार करावा अशी अपेक्षा असते. प्रश्नाला उत्तर देणारें कोणी नेमलेलेंच नसलें, तर तो प्रश्न तसाच हवेंत विरून जातो. 'फक्त इशारे आहेत, चुका नाहींत' असें म्हणून काम पुरें झाल्याचें जाहीर करणें, हें उत्तरपत्रिकेंतील सोपे प्रश्न सोडवून अवघड प्रश्न कोरे ठेवण्यासारखें आहे.

प्रश्नांची उत्तरें देण्याची संवय सुटली म्हणजे काय होतें, याचें एक दारुण उदाहरण संगणकाच्या इतिहासांत नमूद आहे. थेरॅक-२५ हें कॅन्सरच्या रोग्यांना किरणोपचार देणारें, संगणकानें चालणारें यंत्र होतें. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें त्याच्या हातून प्रमाणाबाहेर किरण दिले जाण्याचे सहा अपघात घडले. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर या दोघांनीं त्यांचा कसून अभ्यास करून १९९३ सालीं तो प्रसिद्ध केला. या यंत्राला थांबण्याच्या दोन रीती होत्या. गंभीर बिघाड झाला तर उपचार रद्द होई, आणि सारी मांडणी पुन्हां पहिल्यापासून करावी लागे. किरकोळ बिघाड झाला तर उपचार नुसता थबके. चालविणारानें 'पी' ही एक कळ दाबली कीं काम पुढें चालू. अशी कळ पांच वेळांपर्यंत दाबतां येई. बिघाडाचा संदेश म्हणून पडद्यावर एक शब्द आणि एक क्रमांक एवढेंच दिसे. त्या क्रमांकांचा अर्थ चालकाच्या पुस्तिकेंत दिलेला नव्हता. असे संदेश वारंवार येत, आणि बहुधा त्यांतून कांहींच वाईट निष्पन्न होत नसे. चालकांचें बोट आपोआप त्या कळेकडे वळूं लागलें.

१९८६ च्या मार्चमध्यें टेक्सासमधील टायलर या गांवच्या रुग्णालयांत एका रोग्यावर उपचार चालले असतां पडद्यावर 'बिघाड ५४' असें उमटलें. यंत्र थबकलें; डोस फार कमी पडल्याचें पडद्यावर दिसत होतें. चालक बाईंनीं नेहमींप्रमाणें कळ दाबली. आंत रोग्याला विजेचा तडाखा बसावा तसें झालें होतें, आणि तो उठण्याच्या खटपटींत असतांनाच दुसरा तडाखा बसला. खोलींतील दृश्य दाखविणारें व आवाज पोंचविणारें, अशीं दोन्ही साधनें त्या दिवशीं चालू नव्हतीं. १८० रॅड द्यावयाचे होते. प्रत्यक्षांत १६,५०० ते २५,००० रॅड पडले असावेत, असा अंदाज पुढें करण्यांत आला. पांच महिन्यांनीं तो रोगी मरण पावला. एप्रिलमध्यें त्याच रुग्णालयांत तोच क्रमांक पुन्हां उमटला, आणि आणखी एक रोगी दगावला. त्यानंतर तेथील भौतिकशास्त्रज्ञानें व त्याच चालक बाईंनीं मिळून तो बिघाड मुद्दाम घडवून दाखविला. पडद्यावरील मजकूर चालकानें फार जलद दुरुस्त केला, तर यंत्राच्या आंतील मांडणी त्या दुरुस्तीबरोबर बदलत नसे, असें निघालें. '५४' चा अर्थ होता: दिलेला डोस फार जास्त किंवा फार कमी आहे. रोग्याच्या जिवाशीं इतका निकट संबंध असलेली ही गोष्ट यंत्र करणारांनीं एका कळेनें ओलांडतां येणाऱ्या पायरीवर बसविली होती. बाईंनीं जी कळ दाबली ती यंत्रानेंच त्यांना दाबावयास शिकविली होती.

यावर एक उपाय चटकन् सुचतो: सर्व इशाऱ्यांना बढती देऊन चुका ठरवाव्या, म्हणजे कोणीच कांहीं ओलांडणार नाहीं. हा उपाय करून पाहिलेला आहे, आणि तो निराळ्या रीतीनें फसतो. महाराष्ट्रांत एका पिढींतील कित्येक माणसांची कागदोपत्रीं जन्मतारीख १ जून अशी आढळते. तीं सारीं त्या दिवशीं जन्मलीं नव्हतीं. शाळेंत नांव घालतांना तारीख लिहिणें भाग होतें, आईबापांना ती ठाऊक नव्हती, आणि गुरुजींनीं शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकली. रकाना भरला, पण सत्य हरपलें. अडवणूक जेथें अवाजवी होते तेथें माणसें दार उघडण्यापुरतें खोटें लिहितात. आणि तें खोटें नियमांस इतकें धरून असतें कीं पुढें कोणत्याही तपासनिसाला तें ओळखतां येत नाहीं. फायरमध्यें जन्मतारखेच्या जागीं नुसतें १९६२ असें साल लिहिलें तरी तें ग्राह्य धरलें जातें, त्याचें इंगित हेंच आहे. पूर्ण तारीख ठाऊक नसेल तर नसूं द्यावी. पण ती बनविण्याची पाळी कोणावर आणूं नये.

मग योग्य वाट कोणती? १९६९ च्या जुलै महिन्यांत अपोलो-११ चंद्राकडे निघण्यापूर्वीं ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षांत एक रंगीत तालीम झाली. तालमींत संगणकानें एक अनोळखी धोक्याचा क्रमांक दाखविला. त्याचा अर्थ कोणाला सांगतां येईना, आणि चंद्रावर उतरण्याचा बेत रद्द करण्याचा हुकूम सुटला. तो अनावश्यक होता असें मागाहून ठरलें. तेव्हां संघप्रमुख जीन क्रँझ यांनीं असे सर्व क्रमांक तपासून काढण्यास फर्मावलें, आणि जॅक गार्मन या तरुण इंजिनियरानें प्रत्येक क्रमांकाचा अर्थ व त्यावर करावयाची कृती यांची यादी हातानें लिहून काढली. २० जुलै रोजीं चांद्रयान खरोखरच उतरत असतां '१२०२' हा क्रमांक उमटला. संगणकावर कामाचा भार फार झाला आहे, असा त्याचा अर्थ होता. कमी महत्त्वाचीं कामें बाजूस टाकून महत्त्वाचीं चालू ठेवण्याची सोय संगणकांतच केलेली होती. गार्मन यांनीं यादीवरून सांगितलें, स्टीव्ह बेल्स यांनीं निर्णय दिला, आणि उतरणें चालू राहिलें. कांहीं सेकंदांत दिलेल्या त्या निर्णयाचा विचार कांहीं दिवस आधीं, शांतपणें आणि लेखी झालेला होता.

जोडणीच्या कामांतही हाच मार्ग धरावा लागतो. पहिल्या तपासणींत शेंकडों इशारे निघतात. ते एकेक वाचीत बसण्यापेक्षां त्यांचे प्रकार पाडावे. शेंकडों संदेश बहुधा दहावीस प्रकारांत मावतात. प्रत्येक प्रकारापुढें तीन गोष्टी लिहाव्या: याचा अर्थ काय, तो दुर्लक्षिला तर रोग्याचें किंवा गिऱ्हाइकाचें काय होईल, आणि याचा निर्णय कोण देणार. नोंदीसोबत माणसाला वाचतां येण्याजोगा सारांश जोडलेला नाहीं, असा इशारा फायरच्या तपासणींत नेहमीं आढळतो. तो बहुधा कारण लिहून मान्य करतां येतो. औषधाच्या क्रमांकाची यादी ठाऊक नाहीं, हा इशारा मान्य करून चालत नाहीं. ती यादी तपासनिसाला मिळवून द्यावी, आणि तोंपर्यंत आपल्यापुरती त्याची पायरी चढवून ती चूक समजावी. मान्य केलेले इशारे यादींतून निराळे काढले म्हणजे उद्यां येणारा नवा इशारा उठून दिसतो. तपासनिसाची आवृत्ती बदलली, पलीकडची प्रणाली बदलली, कीं ही यादी पुन्हां वाचावी. कारण काल निरुपद्रवी असलेला संदेश आज तसा राहिला असेलच असें नाहीं.

हें सर्व ज्याच्यासाठीं करावयाचें त्याला हे संदेश कधींच दिसत नाहींत. प्रयोगशाळेंतून निघालेला अहवाल डॉक्टरांच्या पडद्यावर आला, एवढेंच रोग्याला कळतें. वाटेंत त्यावर कोणता शेरा पडला आणि तो कोणी वाचला, हें त्याला विचारतांही येत नाहीं. म्हणून तें विचारण्याचें काम जोडणीचें काम पुरें झाल्याच्या कागदावर सही करणाराचें आहे. तपासणींत चुका किती निघाल्या हें त्यानें अवश्य पाहावें. पण सही करण्यापूर्वीं शिल्लक राहिलेल्या इशाऱ्यांची यादी मागवून घ्यावी, आणि त्यांतील प्रत्येकापुढें उत्तर देणाऱ्या माणसाचें नांव आहे कीं नाहीं तें वाचून पाहावें.